शेक दोन मिनिटांचा, कातडी काळवंडते तिसऱ्या आठवड्यात. मधल्या काळात पेशीत कोण काम करतं?

वडगावचा_माग | मंगळवार, रात्री १०:१२
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो. पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

आईला (वय ६२) छातीच्या कॅन्सरसाठी शेक (रेडिएशन) चालू आहे. एकूण २५, सोमवार ते शुक्रवार. वडगावातून रिक्षाने जायचं, तासभर बाकावर बसायचं, आत नेल्यावर टेबलावर नीट झोपवण्यातच दहा मिनिटं जातात आणि मशीन चालतं जेमतेम दोन मिनिटं. पहिले दोन आठवडे आईला काहीच झालं नाही. भाकऱ्या थापत होती, शेजारणीला सांगत होती, "काय नाही गे, नुसता फोटो काढल्यासारखं हाय." काल सोळावा झाला आणि काखेखालची कातडी वांग्यासारखी काळपट दिसायला लागली. चुरचुरते म्हणते. डॉक्टर म्हणाले, होणारच आहे, शेक संपल्यावरही आठ-दहा दिवस वाढेल, मग उतरेल.

मला तेच कळेना. तव्याला हात लागला तर त्याच क्षणी भाजतं. इथे किरण दोन मिनिटांत आरपार गेले, अंगात काही उरत नाही (नातीला जवळ बसवू का म्हणून तिथल्या सिस्टरना मुद्दाम विचारलं होतं). मग तीन आठवडे आत चाललंय काय? नेटवर वाचलं की किरण लागल्यावर पेशीतली जनुकं चालू-बंद होतात, आणि पहिल्या तासाला वेगळी, दुसऱ्या दिवशी वेगळी. म्हणजे नेमकं काय होतं? डॉक्टरांना विचारणार होतो, पण मागे रांग उभी.

घरी चार माग आहेत. मागाच्या भाषेत कुणी सांगितलं तर लवकर डोक्यात शिरेल.

टिळकवाडी_कट्टा | १०:३१
आईंना लवकर आराम पडू दे. मला यातलं ओ की ठो कळत नाही, चहा घेऊन पहिल्या रांगेत बसतोय.

संकेश्वरी_मिरची | ११:०५
शेकाच्या मशीनवरच नोकरी केली, आता निवृत्त. माझ्या वेळी मशीनमध्ये कोबाल्ट होता, किरण त्याचे. पेशंट हिशेबाला पक्के. एक आजोबा म्हणाले, "तीन वर्षांमागं माझ्या भावाला दोन मिनिटं लावलासा, मला तीन. माझा रोग दीडपट हाय का?" रोग तेवढाच होता, कोबाल्ट म्हातारा झाला होता. कोबाल्ट-६० सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, मग तेवढाच डोस द्यायला घड्याळ लांबवायचं.

तुमच्या आईंचं म्हणाल तर आम्ही त्याला 'तिसरा सोमवार' म्हणायचो. दोन आठवडे हसत येणारी बाई तिसऱ्या-चौथ्या सोमवारी पदर सैल सोडून यायची. का ते आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, पण होणार हे ठाऊक होतं. डॉक्टरांनी दिलंय तेवढंच लावा. हळद नको, खोबरेल नको, शेजारणीचं मलम तर नकोच. सुती, सैल कपडा घाला.

अनगोळची_वैनी | ११:२०
हळदीचं अगदी खरं. आमच्या मावससासूबाईंना घरच्यांनी मायेने तूप-हळद चोपडली. पुढचे आठ दिवस रोज ड्रेसिंग. घरात कुणालाच कुणाला बोलता येईना.

नंदगडकरीण | बुधवार, सकाळी ७:४०
माहेर नंदगड, सध्या पुण्यात एका प्रयोगशाळेत आहे. किरण लागलेल्या पेशींशीच रोजची गाठ. मागाच्या भाषेत जमतंय का बघते.

डीएनए म्हणजे दोन पदरी पीळ घातलेला धागा. १ ग्रे (हे किरणांच्या डोसचं माप) डोस बसला की एका पेशीत एकच पदर तुटलेल्या साधारण हजार जागा होतात, आणि दोन्ही पदर एकदम तुटलेल्या ३५-४०. आईंना रोज २ ग्रे धरले तर त्याच्या दुप्पट. एक पदर तुटला तर दुसऱ्यावर बघून जोडता येतो. दोन्ही तुटले की खरी पंचाईत.

पहिल्या मिनिटांत नवीन जनुक चालू होत नाही, तेवढी सवडच नसते. आधीच हजर असलेली कामगार-प्रथिनं जागी होतात. त्यातला मुकादम म्हणजे एटीएम. तो तुटलेल्या जागेच्या आजूबाजूला खुणेची निशाणं लावत सुटतो. रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर काळ्या पेशीत हिरवे ठिपके दिसतात. साधारण अर्ध्या तासात ते सगळ्यात जास्त असतात, मग एकेक जागा जुळली की एकेक विझतो. दुसऱ्या दिवशी थोडेच राहतात. जे राहतात ते अवघड.

पहिल्या तासाभरात फॉस, जून, ईजीआर-१ अशी जनुकं उसळतात. हे भोंगे. वाजतात आणि गप्प होतात.

खरा कारभारी पी-५३. हे प्रथिन पेशी एरवीही बनवत असते आणि बनवलं की मोडून टाकते, अर्ध्या तासाच्या आत निम्मं गायब. मोडायची चिठ्ठी चिकटवणारं प्रथिन एमडीएम-२. धागा तुटला की एटीएमच्या सांगण्यावरून चिठ्ठी चिकटेनाशी होते, पी-५३ साठत जातं आणि बाकीच्या जनुकांची बटणं दाबायला लागतं. पी-२१ चालू: माग थांबव, धागा तुटल्यावर तुमचा आपोआप थांबतो तसा. दुरुस्तीची जनुकं चालू. जोडीने बॅक्स, प्यूमा ही मरणाची जनुकंही थोडी चालू, जमलं नाही तर असावीत म्हणून. पेशी दुभंगण्यासाठी लागणारी जनुकं हळूहळू खाली येतात, ते दिसायला काही तास जातात.

आता गंमत बघा. पी-५३ जी बटणं दाबतं त्यात एमडीएम-२ चंही बटण असतं. म्हणजे स्वतःला मोडणाऱ्यालाच कामावर बोलावतं! त्यामुळे पी-५३ चढतं आणि उतरतं. तूट शिल्लक असेल तर परत चढतं. दर साडेपाच तासांनी एक लाट. २००४ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत गालित लाहाव, उरी अलोन आणि सहकाऱ्यांनी हे एकेका पेशीत चमकणारं प्रथिन घालून बघितलं. डोस वाढवला तर लाटेची उंची वाढत नव्हती. लाटांची संख्या वाढत होती.

उरलेलं रात्री. बस आली.

टिळकवाडी_कट्टा | ८:१५
पेशीतसुद्धा एटीएम, आणि ते चोवीस तास चालू? आमच्या कोपऱ्यावरचं तीन महिने 'सेवा उपलब्ध नाही' आहे.

खासबागचा_धोटा | ९:०२
नंदगडकरीण बाई, छान सांगितलासा, पण एक चूक काढतो. मागवाल्याला मागाचं चुकीचं सांगितलं की डोळ्यात खुपतं. आमचा जुना माग बाणा (आडवा धागा) संपला की आपोआप थांबतो, त्याला काटा असतो. ताणा (उभा धागा) तुटला तर थांबत नाही! तिथं माणसानंच बघावं लागतं. नजर हलली की तुटका धागा शेजारच्यात गुरफटतो आणि वीतभर कापड वाया. नवीन मागाला पत्त्या असतात, ताण गेला की पत्ती पडते आणि माग बंद. पेशी नवीन मागासारखी की जुन्या?

वडगावचा_माग | ९:३०
धोटा, काय करुलालास गा? सकाळी नऊला माग सोडून इथं? :)
पण प्रश्न भारी आहे.

नंदगडकरीण | रात्री ९:५०
माझी चूक मान्य, आणि यापेक्षा चांगलं उदाहरण मला दहा वर्षांत सुचलं नसतं. चांगली पेशी पत्तीवाला माग. पी-५३ बिघडलेली पेशी तुमचा जुना माग, धागा तुटला तरी चालूच. माणसाच्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये पी-५३ बिघडलेलं सापडतं. वीतभर कापड वाया जातं तसं त्या पेशीत तुटकी गुणसूत्रं घेऊन पुढचं विणणं चालू राहतं. शेकाचा थोडा फायदा इथेच होतो. अशी पेशी थांबून दुरुस्ती न करता दुभंगायला जाते आणि त्यातच मोडते. 'थोडा' म्हटलं, कारण काही गाठी पी-५३ नसल्यामुळेच शेकाला दादही देत नाहीत. सरळ हिशेब नाही.

रोज थोडा थोडा शेक देण्यामागेही हेच घड्याळ. दोन शेकांमधल्या तासांत चांगली पेशी बरीचशी सावरते, गाठीतली कमी सावरते. दिवसातून दोनदा द्यायची वेळ आली तर मध्ये निदान सहा तास सोडतात.

टिळकवाडी_कट्टा | १०:०४
म्हणजे दुरुस्ती करायची की जीव सोडायचा, हे पेशी दोन-चार दिवसांत ठरवून मोकळी. आमचा निकाल १९५६ पासून लागेना, २००४ पासून तर सुप्रीम कोर्टात आहे. पी-५३ ला बेळगावात पाठवता येईल का?

निपाणीचा_ठसका | १०:०९
पाठवा, पण पाटी आधी कन्नडमध्ये लावून घ्या म्हणावं.

संपादक | १०:२०
सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिथे ४०० प्रतिसाद झालेत. इथे शेकावर बोलू.

शंकासूर | १०:४५
दोन शंका. एक, 'जनुकं बदलतात' म्हणजे डीएनएच बदलतो ना? मग पुढच्या पिढीत जायला नको? दोन, हे सगळं काचेच्या बशीतल्या पेशींवरचं. बशीला ना रक्त ना कातडी. माणसात असंच होतं कशावरून?

चिकोडी_शेंगा | ११:१०
पहिल्या शंकेवर शेतकऱ्याचं ऐका. भुईमुगाचा टीएजी-२४ आम्ही पेरतो, तो ट्रॉम्बेच्या भाभा केंद्राचा. किरणांनी बी बदलून केलेल्या वाणांच्या संकरातून आलाय. तिथं बदल बियात उतरला आणि पिढ्यान्‌पिढ्या तसाच. हे एक. आणि कांद्याला किरण देतात ते वेगळं. लासलगावला ती सोय आहे. त्यानं कोंब फुटायचा थांबतो, कांद्याची जात बदलत नाही. तुमचा शेक यातला कुठला?

अवांतर: टीएजी-२४ चं खात्रीचं बियाणं निपाणी-चिकोडी भागात कुणाकडे असेल तर सांगा.

नंदगडकरीण | गुरुवार, सकाळी ७:३५
चिकोडीकरांनी माझं अर्धं काम केलं. शंकासूर, पुस्तकातलं अक्षर बदलणं वेगळं आणि कुठलं पान उघडून वाचायचं ते बदलणं वेगळं. मी वर सांगितलं ते सगळं पान उघडण्याचं. आपल्या पेशीत सुमारे २०,००० जनुकं आहेत, पेशी त्यातली काही उघडते, काही मिटते, काम झालं की परत पूर्ववत. चुकीची जोडणी झाली तर अक्षरही बदलतं, पण ते त्या पेशीपुरतं. पिढीत जायला बदल बीजपेशीत व्हावा लागतो. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांचा इतकी वर्षं अभ्यास झाला, त्यांच्यात आनुवंशिक परिणाम वाढलेले आढळले नाहीत. वाचलेल्यांच्या स्वतःच्या अंगात मात्र कॅन्सरचा धोका दशकानुदशकं वाढलेला राहिला. रक्ताचा आधी, गाठींचा नंतर.

दुसरी शंका रास्त आहे. पण शेक घेणाऱ्या पेशंटचं रक्त काढून बघितलंय. एफडीएक्सआर नावाचं जनुक पांढऱ्या पेशींत दुसऱ्या दिवशीपर्यंत चांगलं वाढलेलं सापडतं. त्यावरून अपघातात कुणाला किती डोस लागला हे ओळखायचे प्रयत्न चालू आहेत. आजही खात्रीची पद्धत गुणसूत्रं मोजण्याची. रक्तातल्या पेशी ४८ तास वाढवायच्या आणि दोन मध्यबिंदू असलेली विचित्र गुणसूत्रं शोधायची. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ साली भंगारातून किरणोत्सारी सीझियम-१३७ लोकांच्या घरी गेलं, चार माणसं गेली, तेव्हा डोस असेच मोजले. जनुकांची चाचणी त्याहून लवकर उत्तर देईल. अडचण एकच, किरण कधी लागले ते माहीत हवं. जनुक वर दिसतंय ते चढताना की उतरताना?

याचा फटका मी स्वतः खाल्लाय. पहिल्या वर्षी शुक्रवारी संध्याकाळी पेशींना किरण दिले आणि गावाकडून आलेल्या मैत्रिणीबरोबर सिनेमाला गेले. शनिवारी संध्याकाळी नमुने काढले, फॉस मोजलं. काहीच नाही. वहीत ऐटीत लिहिलं, 'प्रतिसाद नाही'. सोमवारी मॅडमनी वही बघितली, एवढंच विचारलं, "किती वाजता काढलेस?" भोंगा वाजून गेल्यावर चोवीस तासांनी मी कान लावून बसले होते. नंतर अर्धा तास, एक, दोन, चार, आठ, चोवीस असे नमुने घ्यायला लागले. रात्री दोनचा नमुना घेताना झोपेत नळ्यांवर उलटे आकडे घातले, ती गोष्ट वेगळी.

शंकासूर | ८:२०
पहिलं पटलं. दुसरं निम्मं. रक्त म्हणजे कातडी नव्हे.

कारवारी_बांगडो | ९:१५
मी कैग्याच्या बाजूचा. आमच्याकडे कुणाला खोकला झाला तरी कैगा. चार अणुभट्ट्या, काळी नदीच्या काठी, २२० मेगावॅटची एकेक. पहिली २०१८ च्या अखेरीपर्यंत सलग ९६२ दिवस चालली, तेव्हा जागतिक विक्रम म्हणून पेपरात आलं होतं. माझा सरळ प्रश्न, जवळ राहणाऱ्याच्या पेशीत पण हे भोंगे वाजत असतात का?

संकेश्वरी_मिरची | १०:४०
मोजमापाचं प्रमाण बघा. जगात माणसाला निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, माती, खडक, आकाश सगळीकडून. शेकात गाठीवर एका दिवसात २ ग्रे, म्हणजे २००० मिलिग्रे (या किरणांच्या हिशेबात मिलिग्रे आणि मिलिसिव्हर्ट सारखेच धरा). केरळात करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतच मोनाझाइट हे किरणोत्सारी खनिज आहे, तिथे निसर्गाचंच प्रमाण कितीतरी जास्त. तिथल्या लोकांत कॅन्सर वाढल्याचं अभ्यासात दिसलं नाही. पण म्हणून 'थोडं रेडिएशन तब्येतीला चांगलं' असं व्हॉट्सॲपवर फिरतं, तेही मी मानत नाही. आम्ही छातीला डोस मोजणारा बिल्ला लावूनच आत जायचो.

निपाणीचा_ठसका | ११:२५
कैग्यावर बोलतो आणि खिशातल्या विडीवर कोणी बोलत नाही. तंबाखूच्या पानात पोलोनियम-२१० हे किरणोत्सारी द्रव्य असतं, धुरातून फुप्फुसात जातं. हे १९६४ सालापासून माहीत आहे. आमचं सगळं गाव त्या पानावर जगलं. १९८१ च्या आंदोलनात माझे वडील रस्त्यावर बसले होते, तंबाखूच्या भावासाठी. आजी घरी सुपात पान-तंबाखू घेऊन विड्या वळायची, संध्याकाळी बोटं पिवळी. हे पोलोनियमचं तिला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी वळायची थांबली असती असं नाही.

अनगोळची_वैनी | ११:४०
ठसका, हे स्वतंत्र लिहा हो. पण मागवाल्यांचा मूळ प्रश्न राहिलाच की. तीन आठवडे का?

वडगावचा_माग | दुपारी १:१०
वैनी, मीही तेच म्हणणार होतो. लाटांचं मला एक सुचलं, बरोबर आहे का बघा. आमच्या गल्लीत बाहेर उभं राहिलं की नुसती घरघर ऐकू येते, एकसारखी. आत एका मागाजवळ गेलं की खट्‌-खट्‌ वेगळं ऐकू येतं. पी-५३ च्या लाटा लोकांना आधी नीट दिसल्या नाहीत त्या यामुळेच का?

नंदगडकरीण | रात्री १०:०५
अगदी यामुळेच. लाखो पेशी एकत्र वाटून मोजल्या की घरघर हाती लागते. खट्‌-खट्‌ एका पेशीपाशीच. २०१२ मध्ये लाहाव यांच्याच गटाने आणखी पुढचं दाखवलं. औषध देऊन लाटा मोडल्या आणि पी-५३ एकसारखं वर धरून ठेवलं. लाटा येत होत्या तेव्हा बऱ्याच पेशी सावरून परत कामाला लागल्या होत्या. आता त्या कायमच्या थांबल्या. प्रथिन तेच, फरक फक्त तालाचा.

आता तीन आठवडे. शंकासूर म्हणाले तशी कातडी वेगळीच. वर दिसते ती कातडी मेलेल्या, चपट्या पेशींची. नवीन माल तळच्या थरात तयार होतो आणि वर यायला साधारण महिना लागतो. शेकाने वरच्या पेशींचं फारसं बिघडत नाही, त्या दुभंगणारच नसतात. तळच्या थरातल्या पेशी थांबतात, काही कायमच्या थांबतात, काही दुभंगताना मरतात, तेही पहिल्याच वेळी नव्हे, कधी दोन-तीन वेळा दुभंगल्यावर. तोवर वरचा थर रोज झिजतोच आहे. तुमच्याकडे सूत यायचं थांबलं तर खडेबाजारातल्या दुकानात त्या दिवशी साड्या कमी दिसतील का?

वडगावचा_माग | १०:१५
नाही. तीन आठवड्यांनी दिसतील. गोदाम संपल्यावर.

नंदगडकरीण | १०:२२
झालं. शेक संपल्यावरही आठ-दहा दिवस का वाढतं तेही त्यातच आलं, शेवटच्या शेकाचा तुटवडा अजून दुकानात पोचायचा असतो. काळपटपणा रंग बनवणाऱ्या पेशी चेतवल्या गेल्यामुळे. लाली आणि चुरचुर सुजेच्या जनुकांची, थांबून राहिलेल्या पेशीही आयएल-६ सारखे सुजेचे संदेश सोडत बसतात. महिन्या-वर्षांनी काहींची कातडी आतून घट्ट होते, तिथे टीजीएफ-बीटा नावाच्या प्रथिनाचा हात असतो. ते प्रत्येकीला होत नाही, घाबरू नका, पण हात वर करायचे व्यायाम सांगितले असतील तर आईंना टाळू देऊ नका.

शंकासूर | १०:५०
आता पटलं. हे पहिल्या प्रतिसादातच सांगायचं होतं.

नंदगडकरीण | १०:५२
बस आली होती.

वडगावचा_माग | २६ दिवसांनी
धागा वर काढतोय. पंचवीस पूर्ण झाले. डॉक्टरांनी सांगितलं तसंच, संपल्यावर नवव्या दिवशी सगळ्यात वाईट, काखेत थोडं ओलं झालं, दवाखान्यातल्या पट्टीवर भागलं. मग खपली सुटायला लागली. खाली गुलाबी, तान्ह्या पोरासारखी कातडी. मी आईला गोदामाचं सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मी बाकावर बसून परत येत होते तेव्हा आत माग चालूच होता की. मग दमणार नाही तर काय." दोन दिवस झाले, चार भाकऱ्या थापते आणि पाचवीला मला बोलावते.

संकेश्वरी_मिरची | त्याच रात्री
छान. ती जागा उन्हापासून झाकून ठेवा, आणि पाचवी भाकरी तुम्हीच थापा.

चिकोडी_शेंगा | दुसऱ्या दिवशी
आईंना नमस्कार सांगा. टीएजी-२४ चं कुणी सांगितलंच नाही अजून.